मुलांचा लिंगभाव आणि वैद्यक : सत्तर वर्षांचा इतिहास

अंबड तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. या जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या राजेगाव येथे १९८८ साली एक मूल जन्माला आले. घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवले आणि शाळेच्या दाखल्यावरही तशीच नोंद झाली. २०१० साली ही व्यक्ती महिला पोलीस शिपाई म्हणून बीडच्या पोलीस दलात दाखल झाली. पुढे शरीरातील बदल जाणवू लागल्यावर तपासण्या झाल्या. गुणसूत्रांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली असता खात्याने ती नाकारली. स्त्री आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे, तेव्हा नोकरीचे काय, हा खात्यापुढचा पेच होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवेचा प्रश्न आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा, असे न्यायालयाने सांगितले. अखेर राज्य शासनाने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे हे नाव तेव्हा महाराष्ट्रभर झाले. २०२० साली त्यांचा विवाह झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ते एका मुलाचे वडील झाले.

वृत्तपत्रांनी या घटनेला सरसकट ‘लिंगबदल’ म्हटले. हा शब्द सुटसुटीत असला तरी त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, आणि पुढील सगळा इतिहास समजण्यासाठी त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. काही मुलांच्या शरीराची लैंगिक घडणच नेहमीपेक्षा वेगळी असते. त्यांची गुणसूत्रे, जननग्रंथी आणि बाह्य अवयव यांचा आपसात मेळ नसतो. अशा व्यक्तींसाठी आता ‘इंटरसेक्स’ हा शब्द मराठीतही रुळला आहे. दुसऱ्या काही मुलांचे शरीर सर्वसामान्य असते. सर्व तपासण्यांत काहीही वेगळे सापडत नाही, परंतु आपण मुलगा आहोत की मुलगी याविषयीची त्यांची जाणीव शरीराशी जुळत नाही. या जाणिवेला ‘लिंगभाव’ म्हणतात. पहिल्या गटातील मुलांचा प्रश्न प्रयोगशाळेत दिसतो. दुसऱ्या गटातील मुलांचा प्रश्न केवळ त्यांच्या सांगण्यातून कळतो. आज जगभर जो वाद पेटला आहे तो मुख्यतः दुसऱ्या गटाविषयी आहे, पण त्याची मुळे पहिल्या गटाच्या उपचारांत आहेत.

दोन वाटा

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत त्याच्या जननग्रंथी दोन्ही दिशांना जाऊ शकतील अशा असतात. वाय गुणसूत्रावरील एका जनुकामुळे त्या वृषणाच्या दिशेने वळतात. हे जनुक १९९० साली लंडनमधील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. वृषणातून टेस्टोस्टेरॉन स्रवू लागले की बाह्य अवयवांची घडण पुरुषाची होते, न स्रवल्यास स्त्रीची. या साखळीची एखादी कडी निराळी पडली की निराळे शरीर घडते. उदाहरणार्थ, एक्सवाय गुणसूत्रे असूनही पेशींना टेस्टोस्टेरॉनची दखलच घेता येत नसेल, तर मूल बाहेरून पूर्णपणे मुलगी दिसते. उलट, एक्सएक्स गुणसूत्रांच्या मुलीत अधिवृक्क ग्रंथीतील एक विकर कमी पडले तर गर्भावस्थेतच पुरुष-संप्रेरके वाढतात आणि जन्मतः तिचे अवयव मुलासारखे दिसू शकतात. हा विकार सुमारे पंधरा हजार जन्मांत एकदा आढळतो. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते आणि पहिल्या काही आठवड्यांतच बाळ दगावू शकते. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॉसन विल्किन्स यांनी अशा बालकांना कॉर्टिसोन देऊन पाहिले आणि ती जगू लागली. तेव्हा मुलांच्या या क्षेत्रातील वैद्यकाची सुरुवात एका निःसंशय यशाने झाली, ही गोष्ट विसरता कामा नये.

जगलेल्या मुलांना वाढवायचे कसे, हा प्रश्न लगेच पुढे आला. विल्किन्स यांच्याच विभागात जॉन मनी नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये एक सिद्धान्त मांडला. मुलाचा लिंगभाव जन्मतः ठरलेला नसतो, पहिल्या दीड-दोन वर्षांत त्याला ज्या रीतीने वाढवाल तसा तो घडतो, असे त्यांचे म्हणणे होते. यातून कार्यपद्धती आपोआपच निघाली : अवयव संदिग्ध असतील तर लवकरात लवकर शस्त्रक्रिया करावी, आईवडिलांनी शंका न ठेवता एकाच दिशेने वाढवावे, आणि मुलाला यातले काही कळू देऊ नये. पुरुषाचे अवयव घडवण्यापेक्षा स्त्रीचे घडवणे शल्यचिकित्सकाला सोपे होते. म्हणून अनेक मुले मुली म्हणून वाढवली गेली. हत्याराची सोय हा निदानाचा निकष झाला होता, असे म्हटले तरी चालेल.

विनिपेगची जुळी मुले

या सिद्धान्ताची सर्वांत मोठी कसोटी एका अपघातातून आली. कॅनडातील विनिपेग शहरात ऑगस्ट १९६५ मध्ये रायमर दाम्पत्याला ब्रूस आणि ब्रायन ही एकरूप जुळी मुले झाली. आठव्या महिन्यात सुंता करताना विजेच्या उपकरणाने ब्रूसचे शिश्न जळून गेले. हताश आईवडिलांनी मनी यांना दूरचित्रवाणीवर पाहिले आणि ते बाल्टिमोरला गेले. १९६७ मध्ये, मूल दोन वर्षांचे होण्यापूर्वी, त्याचे वृषण काढण्यात आले आणि ब्रूसची ब्रेंडा झाली. जुळा भाऊ मुलगा म्हणून वाढत होता. जनुके तीच, गर्भाशय तेच, घर तेच, फक्त वाढवण्यात फरक. प्रयोग म्हणून याहून नेमकी रचना कोणालाही सुचली नसती. मात्र तो एका मुलाच्या आयुष्यावर चालला होता.

१९७२ मध्ये मनी यांनी हा प्रयोग यशस्वी झाल्याचे पुस्तकात लिहिले. पुढील पंचवीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून ते उदाहरण शिकवले गेले. स्त्री-पुरुष भेद समाजाने घडवलेला आहे असे मानणाऱ्यांना ते पटले. शल्यचिकित्सकांना त्यातून धीर मिळाला. प्रत्यक्षात ब्रेंडा फ्रॉक घालायला तयार नव्हती, शाळेत टिंगल सोसत होती, आणि बाराव्या वर्षी सुरू केलेल्या स्त्री-संप्रेरकांच्या गोळ्या टाळत होती. १९८० मध्ये, ती चौदा वर्षांची असताना, वडिलांनी तिला खरे काय ते सांगितले. तिने लगेच मुलगा म्हणून जगायचे ठरवले आणि डेव्हिड हे नाव घेतले. पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, १९९० साली लग्नही झाले.

हे जगाला कळले ते १९९७ मध्ये. हवाई विद्यापीठातील मिल्टन डायमंड हे जीवशास्त्रज्ञ १९६५ पासूनच मनी यांच्या सिद्धान्तावर आक्षेप घेत होते. गर्भावस्थेतील संप्रेरकांचा मेंदूवर परिणाम होतो, असे त्यांना प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले होते. त्यांनी विनिपेगचे मानसोपचारतज्ज्ञ कीथ सिग्मुंडसन यांना गाठले, त्यांनी पूर्वी ब्रेंडाला तपासले होते. दोघांच्या निबंधाने जुना दाखला कोसळला. डेव्हिडने २००४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आपले जीवन संपवले. जुळ्या भावाचा दोन वर्षांपूर्वीचा मृत्यू, गेलेली नोकरी, मोडता संसार अशी त्यामागे अनेक कारणे होती, सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकता येणार नाही.

वैज्ञानिक पद्धतीच्या दृष्टीने यातली एक बाब विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. मनी यांचा सिद्धान्त चुकला, हे विज्ञानात नेहमीच घडते. पण मूल मोठे झाल्यावर पुढे काय झाले याचा पाठपुरावा प्रसिद्ध झालाच नाही, आणि तरीही त्या एका उदाहरणाच्या भरवशावर इतर मुलांवर शस्त्रक्रिया चालू राहिल्या.

खरे तर उलट पुरावा १९७४ मध्येच समोर आला होता. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील एका दुर्गम भागात काही मुले जन्मतः मुली समजली जात, आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषाचे होत असे. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूपांतर करणारे विकर त्यांच्यात कमी होते, हे ज्युलियन इंपेराटो-मॅक्गिन्ली यांनी दाखवले. निःशंकपणे मुली म्हणून वाढवलेल्या अशा अठरा जणांपैकी सतरा जण वयात आल्यावर स्वतःला पुरुष मानू लागले होते. गावाने त्यांच्यासाठी एक शब्दही तयार केला होता. शस्त्रक्रिया नाही, गुप्तता नाही, गावाने थोडी वाट पाहिली एवढेच. अर्थात याने लिंगभाव केवळ संप्रेरकांनी ठरतो असे सिद्ध होत नाही. मुलगा म्हणून मिळणारा मानही त्या समाजात मोठा होता. परंतु ‘पहिल्या दोन वर्षांत सारे ठरते’ हे विधान मात्र टिकत नाही.

नाडीचा शोध

आता कथेचा दुसरा धागा. त्याची सुरुवात कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या मेंदूंपासून होते. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या लाखो मेंदूंतून अधश्चेतकाचे, म्हणजे हायपोथॅलॅमसचे, तुकडे वेगळे करून अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या स्पर्धक गटांनी एक छोटा रेणू मिळवला. दहा अमिनो आम्लांच्या या साखळीची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि १९७७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे संप्रेरक पोषग्रंथीला आदेश देते, पोषग्रंथी जननग्रंथींना, आणि मग मूल वयात येते.

ते दिले तर जननग्रंथींचे काम वाढावे, अशी साहजिक अपेक्षा होती. पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट क्नोबिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये माकडांवर प्रयोग केला. तासातून एकदा थोडे थोडे दिले की पोषग्रंथी काम करी. तेच संप्रेरक अखंड धारेने दिले की ती गप्प होई. दारावर अधूनमधून थाप मारली तर घरातले उठून येतात, दिवसभर कोणी दार बडवत राहिले तर ते लक्ष देणे सोडून देतात, तसाच हा प्रकार. या तत्त्वावर दीर्घकाळ टिकणारी ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन यांसारखी औषधे तयार झाली. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात पुरुष-संप्रेरक बंद पाडण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. १९८१ पासून त्यांचा आणखी एक उपयोग पुढे आला. काही मुली पाच-सहा वर्षांच्या वयातच वयात येतात. त्यांची उंची खुंटते, मनाची तयारी नसताना पाळी सुरू होते. या औषधांनी ती घाई थांबवता येते, आणि औषध बंद केले की योग्य वयात निसर्गक्रम पुन्हा सुरू होतो. भारतातही बालरोगतज्ज्ञ यासाठी ही औषधे वापरतात. चाळीसहून अधिक वर्षांच्या अनुभवाचा हा उपचार आहे.

मग नेदरलँड्समधील काही डॉक्टरांच्या मनात एक विचार आला. आपल्या शरीराच्या लिंगाशी न जुळणाऱ्या मुलांना यौवनारंभाचा काळ असह्य जातो. आवाज फुटतो, दाढी येते किंवा स्तन वाढतात, आणि हे बदल नंतर पूर्णपणे पुसता येत नाहीत. तेव्हा हीच औषधे देऊन घड्याळ थोडे थांबवले तर मुलाला विचार करायला वेळ मिळेल. मानसशास्त्रज्ञ पेगी कोहेन-केटेनिस आणि सहकाऱ्यांनी अशा एका तरुण रुग्णाची हकीकत १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. २००६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या गटाने पद्धत लिहून काढली : बाराव्या वर्षानंतर यौवन थांबवणारी औषधे, सोळाव्या वर्षी विरुद्ध लिंगाची संप्रेरके, अठरानंतर शस्त्रक्रिया. निवड कडक होती. लहानपणापासून सातत्याने तीच भावना, गंभीर मानसिक आजार नाही, घरच्यांचा पाठिंबा, अशा अटी होत्या. २०११ मध्ये त्यांनी पहिल्या सत्तर मुलांचे निष्कर्ष दिले. नैराश्य आणि वर्तनसमस्या कमी झाल्या होत्या, शरीराविषयीची अस्वस्थता मात्र औषधाने कमी झाली नव्हती. २०१४ मध्ये त्यातील पंचावन्न जणांविषयी, शस्त्रक्रियेनंतर ते समवयस्कांइतकेच समाधानी असल्याचे प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नव्हता. तरी या दोन निबंधांच्या आधारे ही पद्धत अनेक देशांत पसरली.

चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस

इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठी १९८९ पासून एक केंद्र होते. ते पुढे लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेकडे आले. २००९ मध्ये तेथे वर्षाला पन्नासपेक्षा कमी मुले येत. २०२१-२२ मध्ये ही संख्या पाच हजारांवर गेली. पूर्वी जन्मतः मुलगे म्हणून नोंदलेल्यांचे प्रमाण अधिक होते, आता किशोरवयात प्रथमच हा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलींचे प्रमाण अधिक झाले. अनेकांना नैराश्य, चिंता, स्वमग्नता असे इतरही त्रास होते. म्हणजे डच निबंधांतील मुले एका प्रकारची आणि दारात उभी असलेली मुले दुसऱ्या प्रकारची होती. समाज मोकळा झाल्यामुळे लपलेली मुले पुढे आली, की इतर दुःखांना या प्रश्नाचे रूप मिळू लागले, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही थोडेथोडे खरे असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

या केंद्राने २०११ पासून बारा ते पंधरा वर्षांच्या चव्वेचाळीस मुलांवर डच पद्धतीचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष यायला जवळजवळ दहा वर्षे लागली. २०२० च्या अखेरीस ते आले तेव्हा मुलांच्या मानसिक स्थितीत सरासरीने विशेष फरक आढळला नाही, आणि चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस मुले पुढे विरुद्ध लिंगाच्या संप्रेरकांकडे गेली होती. नेदरलँड्समधील २०२२ च्या पाहणीतही औषधापासून सुरुवात करून संप्रेरके घेतलेल्या सातशेवीस जणांपैकी ९८ टक्के जण पुढे ती घेत राहिल्याचे दिसले.

हा आकडा वर्गात ठेवून पाहण्यासारखा आहे. एक वाचन असे : निवड इतकी अचूक होती की जवळपास कोणाचाही निर्णय चुकला नाही. दुसरे वाचन असे : ‘विचार करायला वेळ’ म्हणून दिलेले औषध विचार मोकळा ठेवत नाही, एकदा या वाटेवर पाऊल पडले की मूल पुढेच जाते, कारण नैसर्गिक यौवनाचा अनुभव त्याला मिळालेलाच नसतो. दोन्ही वाचने एकाच आकड्यातून निघतात. त्यांपैकी कोणते खरे हे ठरवायला औषध न मिळालेल्या तशाच मुलांचा गट हवा, आणि तोच नाही.

औषधाच्या परिणामांविषयीच्या चिंता तीन-चार आहेत. किशोरवयात हाडांत खनिजे भराभर साठतात, संप्रेरके थांबवली की ही वाढ मागे पडते. अगदी सुरुवातीलाच यौवन थांबवून थेट विरुद्ध लिंगाची संप्रेरके दिली, तर बीजांडे किंवा शुक्रजंतू परिपक्व होतच नाहीत आणि मूल होण्याची शक्यता जवळपास संपते. बारा वर्षांच्या मुलाला आपल्याला पुढे मूल हवे असेल की नाही हे सांगता येईल का, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडला. मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो याची पुरेशी माहिती नाही. लवकर वयात येणाऱ्या मुलींच्या अनुभवाचा येथे पूर्ण आधार घेता येत नाही, कारण त्यांच्यात योग्य वय येताच औषध थांबवून शरीराचे स्वतःचे यौवन सुरू होऊ दिले जाते.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. उपचार न देणे म्हणजे काहीच न करणे, असे नाही. यौवन स्वतःही शरीरात न उलटणारे बदल करते, आणि या मुलांत स्वतःला इजा करण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक आढळते. उपचारांनी आपले आयुष्य सावरले असे सांगणारे प्रौढ अनेक आहेत. उपचारांचा पश्चात्ताप झालेलेही आहेत. त्यांपैकी कीरा बेल या तरुणीने न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सोळा वर्षांखालील मुले अशी संमती देऊ शकतील याविषयी गंभीर शंका व्यक्त केली. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. संमतीचा निर्णय न्यायाधीशांनी नव्हे, डॉक्टरांनी प्रत्येक मुलापुरता घ्यायचा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

दरम्यान बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्याकडे चौकशीचे काम सोपवण्यात आले होते. त्यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. यॉर्क विद्यापीठाने त्यासाठी उपलब्ध अभ्यासांची पद्धतशीर छाननी केली होती. उपयोग होतो किंवा अपाय होतो, यांपैकी काहीही खात्रीने सांगण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. जुन्या रुग्णांचे पुढे काय झाले हे पाहण्याचा प्रयत्न झाला तेव्हा प्रौढांच्या बहुतेक केंद्रांनी माहिती देण्यास सहकार्य केले नाही. विनिपेगची आठवण येते ती येथे. सिद्धान्त निराळा, काळ निराळा, पण पाठपुराव्याची वही पुन्हा कोरीच. इंग्लंडने मार्च २०२४ मध्ये नेहमीच्या उपचारांतून ही औषधे काढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये संशोधनाबाहेरील नव्या वापरावर बेमुदत बंदी घातली. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये आधीच हात आखडता घेतला होता. मात्र जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील तज्ज्ञांनी २०२५ मध्ये, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार करून उपचार देता येतील, अशी मार्गदर्शिका काढली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना उपचारांच्या बाजूने राहिली, तर वीसहून अधिक राज्यांनी कायद्याने बंदी केली. जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची बंदी वैध ठरवली. कॅस यांच्या अहवालावरही टीका झाली आहे. मुलांच्या उपचारांत इतरत्रही उच्च प्रतीचा पुरावा क्वचितच असतो, मग येथेच कसोटी कडक का, असे टीकाकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. राजकारणाचा गदारोळ इतका झाला आहे की शांतपणे माहिती गोळा करणेच कठीण होऊन बसले आहे.

आपल्याकडे

भारतात या वादाचे पहिले मोठे पडसाद उमटले ते इंदूरमध्ये, म्हणजे मराठी माणसाला परक्या नसलेल्या शहरात. जून २०११ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने, मुलाच्या हव्यासापोटी तेथे लहान मुलींवर शस्त्रक्रिया करून त्यांना मुलगे केले जात असल्याचे वृत्त दिले. डॉक्टरांनी ते ठामपणे नाकारले. या शस्त्रक्रिया इंटरसेक्स बालकांवरच्या असून त्यांतून मुलीचा मुलगा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. परंतु बातमीवर लोकांचा लगेच विश्वास बसला, यात आपल्या समाजाचे चित्र दिसते. शिवाय एक प्रश्न उरलाच : संदिग्ध अवयवांच्या बाळाला ‘मुलगा’ करायचे की ‘मुलगी’, हे ठरवताना आपल्या घरांत केवळ वैद्यकीय कारणेच विचारात घेतली जातात का?

या प्रश्नाला उत्तर आले दक्षिणेतून. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांविषयीचा निकाल दिला होता. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात सहभागी होत्या. कायदेशीर ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असे त्या निकालात आहे. त्याच्याच आधाराने मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २२ एप्रिल २०१९ रोजी इंटरसेक्स बालकांवरील ‘सामान्यीकरणा’च्या शस्त्रक्रिया थांबवण्यास सांगितले, आणि ऑगस्टमध्ये तमिळनाडू शासनाने जिवाला धोका असल्याचे अपवाद ठेवून त्यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा पहिला देश माल्टा, २०१५ मधला. त्याच २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा केला. अल्पवयीन मुलासाठी ओळखपत्राचा अर्ज पालकांनी करावा, आणि केवळ या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून तोडू नये, अशा तरतुदी त्यात केल्या गेल्या.

वयात येण्यापूर्वीच मुलाच्या आयुष्याचा निर्णय मोठ्यांनी लावून टाकणे, हे काही पाश्चात्त्य रुग्णालयांतच घडले असे नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात केसांत जट दिसली, अंगात आले, चालण्याबोलण्यात बायकीपणा वाटला, की मुलाला यल्लम्माला सोडून जोगता करण्याची प्रथा होती. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून आणि २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटातून ती अनेकांना परिचित आहे. एकदा साडी नेसवली की परतीची वाट नसे. त्यातल्या काहींना ती ओळख आपली वाटली, काहींवर ती लादली गेली. कोण कोणत्या गटात हे विचारण्याची पद्धत मात्र नव्हती.

आपल्या जिल्ह्यांतील शाळांत यौवन थांबवणाऱ्या औषधांचा प्रश्न शिक्षकांसमोर सहसा येणार नाही. येथील अडचण बहुधा उलट्या टोकाची असते : कोणताच डॉक्टर नाही, आणि असला तर अंगारा देणारा किंवा ‘लग्न करून द्या, सुटेल’ म्हणणारा. ‘मुलाला सुधारून देतो’ असे सांगणारे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यातील समपथिक ट्रस्टच्या कामातून या विषयांवर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली आहेत, ती शाळेच्या कपाटात असायला हरकत नसावी.

काही साध्या गोष्टी शिक्षकांच्या नजरेस घरच्यांच्या आधी पडू शकतात. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही मुलीला पाळी आली नसेल, आठ वर्षांच्या आतच मुलीत किंवा नऊच्या आत मुलात वयात येण्याची चिन्हे दिसू लागली असतील, किंवा आठवी-नववीतल्या मुलीचा आवाज फुटून मिसरूड येत असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. गुणसूत्रांची आणि संप्रेरकांची तपासणी तेथून पुढे होऊ शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अंतःस्राव विभागाला अशा रुग्णांचा दीर्घ अनुभव आहे. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे. अधिवृक्क ग्रंथीच्या विकारात तर रोजच्या गोळीवर जीव अवलंबून असतो आणि ती चुकवून चालत नाही.

तपासण्यांत काही न आढळणारे, तरीही ‘मी मुलगी नाही’ किंवा ‘मी मुलगा नाही’ म्हणणारे मूल असेल, तर काम अधिक अवघड आहे. अशी काही मुले मोठी झाल्यावरही तेच सांगतात, काहींचे म्हणणे बदलते. तेराव्या वर्षी कोण कोणत्या बाजूला जाईल हे ओळखण्याची खात्रीशीर कसोटी डच, इंग्रज किंवा भारतीय कोणत्याही तज्ज्ञाकडे नाही. उपचारांच्या दोन्ही पक्षांतील डॉक्टर एका मुद्द्यावर सहमत आहेत : मुलाला मानसोपचारतज्ज्ञाची सोबत मिळावी आणि शाळेत त्याची टवाळी होऊ नये. यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी अंबडच्या मुलाला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. दुसरी हजेरीच्या वेळी वर्गात ठरते.